मागची उजवी सीट

यशोधराची गाडी एका बाजूला झुकते हे पहिल्यांदा माझ्या भावाच्या लक्षात आलं, आणि तेही गाडी घरी आली त्याच संध्याकाळी. पेढे अजून वाटायचे होते. शहादेव अंगणात गाडीच्या मागं जाऊन उभा राहिला. त्याचं सगळं आयुष्य एस.टी.त कंडक्टर म्हणून गेलं. गाडीकडं मागून बघायची त्याला सवय आहे.

"डाव्या अंगावर हाय ही," तो म्हणाला.

"आण्णा, नवी कोरी गाडी हाय," यशोधरा म्हणाली.

"मी कुठं जुनी म्हणलो? डाव्या अंगावर हाय म्हणलो."

यशोधरा ही शहादेवची मुलगी, माझी भाची. ती जनावरांची डॉक्टर आहे. नांदूरघाटच्या आसपास डोंगरात वस्त्या आहेत, तांडे आहेत. तिथं गाय अडली तर गाय खाली येऊ शकत नाही, डॉक्टरलाच वर जावं लागतं. आधी ती मोटारसायकलवर जायची. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक फिरेनासं व्हायचं, मग मोटारसायकल तिथंच सोडून औषधाची पेटी डोक्यावर घेऊन चालायची. म्हणून तिनं ही डिझेलची, चारही चाकांना जोर लागणारी, डोंगर चढणारी गाडी घेतली. कंपनीचं नाव मी लिहीत नाही. ते गाडीच्या पुढं, मागं आणि चारही चाकांवर लिहिलेलं आहे, तेवढं पुरे.

शेजारची सुंदरबाई लिंबू घेऊन आली होती. ती गावातल्या मोठ्या बागायतदाराच्या घरातली, माझ्याच वयाची. मी या भागात आरोग्यसेविका होते आणि तिचं पहिलं बाळंतपण मी केलं. त्या दिवशी तिच्या सासूनं मला आधी ओट्यावर बसवून ठेवलं होतं. बाळ पायाळू आहे म्हटल्यावर आत घेतलं. नंतर मला चहा कपातून द्यायचा की ग्लासातून, यावर आतल्या खोलीत बरीच चर्चा झाली, ती मला बाहेर ऐकू येत होती. सासू आता नाही. बाळ आता निवडणुका लढवतं. सुंदरबाई रोज संध्याकाळी माझ्या ओट्यावर येऊन बसते आणि चहा कशातूनही पिते.

"चाकाखाली ठिव," लिंबू पुढं करून ती म्हणाली.

"आमच्यात न्हाई ठेवत."

"तुमच्यात न्हाई ठेवत, पर गाडी तर कंपनीची हाय. तिच्यात ठेवत आसतील."

लिंबाचं आम्ही सरबत केलं. विहारातून आणलेली छोटी बुद्धमूर्ती यशोधरानं काचेच्या आत, समोरच्या फळीवर ठेवली. ती कलती दिसली. मग यशोधरानं घराच्या दाराची चौकट समोर धरून, मूर्तीच्या बुडाला एका बाजूनं जास्त गोंद भरून, ती चौकटीशी सरळ केली आणि पक्की चिकटवली. मूर्ती सरळ, चौकट सरळ. गाडीच वाकडी होती, पण तसं तेव्हा एकटा शहादेव म्हणत होता.

पुढं ते सगळ्यांनाच दिसायला लागलं. मागच्या डाव्या चाकावरची मोकळी जागा उजव्या चाकापेक्षा दोन बोटं कमी भरत होती. शहादेवनं बोटं घालून बघितलं होतं. बीडच्या सर्व्हिस सेंटरमध्ये बोटं चालत नाहीत. तिथला माणूस फार सभ्य होता. तो म्हणाला, नवीन गाडी आहे, स्प्रिंगा बसायला वेळ लागतो, बसू द्या. आम्ही बसू दिल्या. गाडी आणखी थोडी डावीकडं बसली. मग तो म्हणाला, तुमचं अंगण उतरतं असेल. अंगण उतरतं होतंच, म्हणून शहादेवनं गाडीचं तोंड फिरवून उभी केली, तरी ती आपली डावीकडंच. त्यावर त्यानं असं सांगितलं की आपल्याकडं पाणी जावं म्हणून रस्ते कडेला उतरते करतात, त्यामुळं गाडीला सवय लागते. शेवटी त्याला औषधाची पेटी सापडली. पेटी डावीकडं ठेवता म्हणून असं होतं. यशोधरानं पेटी उजवीकडं ठेवायला सुरुवात केली. पेटीला काही फरक पडला नाही आणि गाडीलाही नाही.

हे सगळं मी सुंदरबाईला सांगितलं.

"लिंबू," ती म्हणाली.

"लिंबाचा आन् स्प्रिंगीचा काय संबंध?"

"मंग अंगणाचा काय संबंध? त्याचं ऐकून घेतलंस ना? माझं बी ऐकून घे."

मी चहा टाकायला उठले.

यात मी कशी आले ते सांगते. एकदा मला डोळे दाखवायला बीडला नेलं होतं. येताना मी यशोधराच्या मागं, म्हणजे मागच्या उजव्या सीटवर बसले होते. तिथं काही विचार करून बसले नव्हते, ऊन दुसरीकडून येत होतं. मांजरसुंब्याला चहाला थांबलो. शहादेव खाली उतरला आणि सवयीनं गाडीच्या मागं गेला.

"आक्का, हलू नको!" तो ओरडला.

मला वाटलं साप आहे. मी पाय वर घेतले.

त्यानं आधी डाव्या चाकावर बोटं घातली, मग उजव्या. मग म्हणाला, "खाली उतर." मी उतरले. "आता बस." मी बसले. भरलेल्या गाडीत शेवटच्या प्रवाशाला जागा करून दिल्यावर त्याचा चेहरा जसा व्हायचा, तसा झाला.

"सरळ झाली," तो म्हणाला. "आक्का बसली की सरळ व्हतीय."

गाडी नुसती दिसायलाच वाकडी होती असं नाही. खड्ड्यातून जाताना मागचं डावं चाक वरच्या पत्र्याला घासायचं आणि रबर जळाल्याचा वास यायचा. मी बसले की घासत नव्हतं. म्हणून घरी आल्यावर यशोधरानं मला विचारलं. विचारताना तिला अवघडल्यासारखं झालं होतं.

"आत्या, थोडे दिवस येशील का गं माझ्यासंगं? कंपनी काहीतरी करीपर्यंत."

"माझी कंबर दुखती," मी म्हणाले आणि खुंटीवरची पिशवी काढली.

रिटायर झाल्यावर बाईला कुठं जायचं असतं असं कुणाला वाटत नाही. मला घर होतं, विहार होता आणि महिन्याला रक्तदाब तपासायला दवाखाना होता. त्याआधी मात्र हे सगळे डोंगर मी पायांनी पालथे घातले होते. लसीचा थंड डबा खांद्याला लावून, उन्हं वर यायच्या आत वस्ती गाठायची. आमच्या खात्याला एक जीप होती. ती सगळ्याच बाजूंना झुकायची, त्यामुळं तिच्याबद्दल कुणी तक्रार केली नाही. ती फक्त साहेब येणार असले की बाहेर निघायची. बाकी दिवस आम्ही आणि आमच्या चपला.

आता त्याच वाटांनी मी सीटवर बसून जायला लागले. ज्या बोरीखाली मी भाकरी खायचे ती बोर तोडलेली दिसली, पण तिच्या बुडख्याला नवे फोक आले होते. ज्या विहिरीत उतरून पाणी प्यायचे तिला कठडा झाला होता. तांड्यावर भिवराबाई भेटली. लस टोचायला गेले की ती पोरं ज्वारीत लपवायची, आणि एकदा तर स्वतःच जाऊन लपली होती. आता तिला तोंडात दात नाहीत, हातात मोबाईल आहे, आणि शेळ्यांना लस द्यायला डॉक्टर कधी येणार म्हणून ती दर दोन दिवसांनी फोन करते.

"मुक्ताबाई, तू आजून हाईस व्हय!" मला गाडीत बघून ती म्हणाली.

"हाय की."

"आन् आता शेळ्यास्नी टोचतीस?"

"मी न्हाई. भाची टोचती. मी नुसती बसलेली आसती."

"बस बाई. लई चाललीस."

घरी आल्यावर मी मात्र रोज म्हणायचे, हाडं खिळखिळी झाली. आमच्याकडं फिरायला आवडतं असं म्हाताऱ्या बाईनं म्हणायची पद्धत नाही. शहादेवला ते खरं वाटायचं. तो पाणी गरम करून रबराची पिशवी आणून द्यायचा. "आक्काला लई तरास होतोय," तो यशोधराला बाजूला घेऊन सांगायचा. मी कंबर शेकत पडायचे आणि उद्या कोणती वस्ती आहे ते आठवायचे. गाडी दुरुस्त होईपर्यंत हे चालणार होतं. सर्व्हिस सेंटरचा माणूस आणखी एखादं कारण शोधून काढील याची मला खात्री होती, आणि त्याच्यावर माझा मनातून काही राग नव्हता.

मग पावसाळा संपता संपता मला ताप आला. खडकवस्तीवर एका गाभण म्हशीचं अंग बाहेर आलं होतं, यशोधराला थांबता येत नव्हतं. माझ्या जागी तिनं पेंडीचं पोतं ठेवलं. पोतं वजनाला माझ्याएवढं होतं, पण ते काही धरून बसत नाही. वरच्या वळणावर ते सीटवरून सुटलं आणि डाव्या दारावर जाऊन आदळलं. गाडी आधीच डावीकडं, त्यात पोतंही डावीकडं. चाक पत्र्यात अडकून फुटलं, आणि गाडी दरीच्या कडेला, मागचं एक चाक हवेत ठेवून थांबली.

वस्तीवरच्या लोकांनी बैलं लावून गाडी मागं ओढली. यशोधरा तशीच पायी वर गेली, म्हशीचं अंग आत बसवलं आणि मग घरी आली. टायर फुटला, एवढंच तिनं सांगितलं. मी चहा केला. तिनं तो उभ्यानंच प्यायला. बाकीचं मला वस्तीवरच्या लोकांकडून कळलं.

तिनं फुटलेल्या टायरचे फोटो थेट कंपनीला पाठवले. वॉरंटी संपत आली होती. कंपनीनं कळवलं की आमचा इंजिनिअर येऊन गाडी जागेवर बघेल आणि त्याचं मत शेवटचं राहील.

इंजिनिअर यायच्या दिवशी शहादेव पहाटे उठला. त्यानं गाडी धुतली, काचा पुसल्या, चाकं काळी चकचकीत केली. पाहुणा येणार म्हणून ओट्यावर सतरंजी टाकली. अंगणावरून आधी एकदा बोलणं खाल्लेलं होतं, म्हणून गाडी विहारासमोरच्या फरशीवर न्यायचं ठरवलं. गावात तेवढी सपाट जागा दुसरी नाही. विहार आमच्या घरासमोरच आहे, मधे फक्त रस्ता. तरी शहादेव मला म्हणाला, "आक्का, बसून घे." गाडी जागची हलली की आक्काला बसवायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं. माझ्याही. तपासणी झाल्यावर तसंही आम्हाला वस्तीवर जायचं होतं. मी पिशवी घेऊन माझ्या जागेवर बसले, रस्ता ओलांडून फरशीवर गेले आणि बसूनच राहिले.

इंजिनिअर वेळेवर आला. आदिनाथ नाव, तरणा, इस्त्रीचा शर्ट. बोलणं अगदी पुण्याचं. सस्पेन्शन म्हणजे चाकं आणि गाडीचं धूड यांच्या मधला स्प्रिंगांचा वगैरे भाग, असं त्यानं शहादेवला समजावून सांगितलं. शहादेवनं ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकून घेतलं.

"गाव कोणतं म्हणायचं तुमचं?" शहादेवनं विचारलं.

"पुण्याला असतो मी."

"आसता पुण्याला, ते कळलं. गाव?"

"आष्टीकडं."

"मंग आधी सांगायचं की! यशू, पोहे आण गं. आपलेच हाईत."

आपलेच म्हटल्यावर पोहे झाले, लाडू झाला, दोनदा चहा झाला. मलाही गाडीत चहा दिला. मग आदिनाथ फरशीवर आला. मला बघून त्यानं हात जोडले. मी दाराला हात लावला, तर तो म्हणाला, "नाही नाही, आजी, तुम्ही बसा. तुम्ही कशाला उतरताय?"

"बसू द्या, बसू द्या," शहादेवही म्हणाला. "कंबर दुखती तिची."

वयस्कर बाईला खाली उतरवायचं आणि मग गाडी मोजायची, हे आष्टीकडं चालत नाही, नांदूरघाटलाही चालत नाही. मी बसून राहिले. आदिनाथनं टेप काढला. एका चाकापाशी वाकला, मग दुसऱ्या. एक पाण्याचा बुडबुडा असलेली पट्टी मागच्या फळीवर ठेवली आणि तिच्याकडं बघत राहिला. बुडबुडा मला दिसत नव्हता, पण तो मधोमध असणार, हे मला त्याच्या मानेवरून कळलं.

"दोन्ही बाजू सारख्या आहेत," तो म्हणाला.

यशोधरानं मागच्या डाव्या चाकावर हात ठेवला.

"टेप बघू," शहादेव म्हणाला. टेप उलटसुलट करून बघितला. "परत मोजा."

आदिनाथनं परत मोजलं. "सारख्याच आहेत, काका. मॅडम, गाडी एकदम ओके आहे. टायरचं म्हणाल, तर डोंगरात दगड असतातच."

"सर, वर्षभर डावीकडं हाय ही," यशोधरा म्हणाली. "चाक घासतंय. मी रोज चालवतीय."

"मॅडम, मला जे दिसतंय तेच मला सांगावं लागतं."

"आवो, बोटं घालून बघा की!" शहादेवचा आवाज चढला. त्यानं स्वतः बोटं घातली. डाव्या चाकावर घातली, उजव्यावर घातली, आणि मग आपल्याच बोटांकडं बघत उभा राहिला. यशोधराचा हात मागच्या डाव्या चाकावर होता. तिनं तो काढला नव्हता.

मला लगेच कळलं होतं. आयुष्यभर मी लोकांना काट्यावर उभं केलं, बाळांना झोळीत घालून तोललं. आता मी स्वतः काट्यावर बसले होते, आणि बाहेर उभ्या असलेल्या तिघांपैकी ते कुणालाच दिसत नव्हतं. वर्षभर जी बाई रोज तिथंच बसलेली असते, ती दिसायची बंद होते. मला आणखी थोडा वेळ नुसतं बसायचं होतं. चहा प्यायलेला माणूस चहा पिऊन निघून गेला असता. वॉरंटी संपली असती. बोरीला बोरं लागेपर्यंत मी त्या वाटेनं गेले असते, आणि त्याच्या पुढच्या वर्षीही. मला कुणी उतर म्हटलं नव्हतं. दोघांनी तर बस म्हटलं होतं.

पण कधीतरी मला पुन्हा ताप येणार होता. माझ्या वयात तो येतच राहतो. मग तिथं पोतं बसणार होतं.

मी कप खिडकीतून शहादेवकडं दिला, पिशवी खांद्याला लावली, दार उघडलं आणि खाली उतरले.

गाडीनं चुईं असा आवाज केला आणि ती डावीकडं झुकली.

"आरं तिच्या मायला!" आदिनाथ म्हणाला. पुण्याचं बोलणं तिथं संपलं. मग त्याला माझी आठवण झाली. "सॉरी, आजी."

शहादेवनं कपाळावर हात मारला. "आरं, आक्का! आक्का बसली व्हती की आत!"

"सकाळपून बसलीय," मी म्हणाले. "तूच बसवलंस."

"मंग बोलायचं न्हाई का?"

"मला कुणी काय इचारलं?"

आदिनाथनं टेप पुन्हा काढला. मोजलं. मग जरा घुटमळला. "आजी, त्रास होणार नसेल तर… एकदा परत बसता का?"

मी बसले. त्यानं मोजलं. मी उतरले. त्यानं मोजलं. मग फोटो काढायचे म्हणून पुन्हा बसले, पुन्हा उतरले. एवढ्यात सुंदरबाई रस्ता ओलांडून आली.

"म्हातारीला जत्रंतल्या पाळण्यागत काय चढवउतार करायलाव?" ती म्हणाली. "कंपनीचं हाय का हे?"

"हो, आजी."

"वर्षभर गाडी वाकडी हाय. चाकाखाली लिंबू ठिवलं का म्हणून इचार त्यास्नी."

आदिनाथनं खरंच यशोधराकडं बघितलं. ती म्हणाली, "सर, तुम्ही स्प्रिंग बघा."

तो इस्त्रीचा शर्ट घालूनच गाडीखाली गेला. बऱ्याच वेळानं बाहेर आला तेव्हा शर्टाला विहारासमोरची धूळ लागली होती आणि चेहरा गंभीर होता. उजव्या स्प्रिंगीवर पिवळ्या रंगाचा ठिपका आहे, डावीवर निळा, असं तो म्हणाला. निळी स्प्रिंग कापडी छताच्या गाडीची, ती हलकी असते. आपल्या गाडीला पत्र्याचं छत. कारखान्यात दोन्ही गाड्या एकाच ओळीतून जातात.

"म्हणजे बसवतानाच चुकली," यशोधरा म्हणाली.

"हो. कारखान्यातूनच."

"मंग आपली स्प्रिंग त्या कापडी गाडीला बसली आसंल," शहादेव म्हणाला. "ती उजवीकडं झुकत आसंल."

"शक्यता आहे, काका."

मला वाटलं, म्हणजे कुठंतरी एखादी म्हातारी मागच्या डाव्या सीटवर बसून फिरत असेल. तिला कुणीतरी कळवायला पाहिजे होतं. आदिनाथला मी तसं म्हणाले नाही, त्याच्यावर आधीच बराच बोजा आला होता.

बीडच्या सर्व्हिस सेंटरमध्ये स्प्रिंगा बदलल्या. तिथला सभ्य माणूस म्हणाला की मला पहिल्यापासून स्प्रिंगीचीच शंका होती. गाडी घरी आली. शहादेवनं मागं उभं राहून बघितलं, बोटं घातली, आणि माझ्याकडं वळून म्हणाला, "सुटलीस बघ, आक्का."

खरोखरच सुटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पातळ बदलून ओट्यावर बसले होते. यशोधरा पेटी घेऊन बाहेर आली, माझ्या पाया पडली, म्हणाली, "आत्या, वर्षभर लई हाल केले तुझे. आता आराम कर." आणि गेली. मी पिशवी परत खुंटीला लावली. त्या आठवड्यात दोघांनी मिळून केजहून माझ्यासाठी एक खुर्ची आणली. पाठीला उशी, हाताला टेकण, कंबरेला खास आधार. खुर्ची चांगली होती. चारही पायांवर अगदी सरळ उभी राहायची.

संध्याकाळी सुंदरबाई आली. खुर्ची दाबून बघितली.

"म्हंजी तुझ्या जागी स्प्रिंग बसवली म्हण की," ती म्हणाली.

"व्हय."

"कंपनीनंच बसवली?"

"कंपनीनंच."

"मंग आता नको बाई बोलायला," ती म्हणाली, आणि खुर्ची पुन्हा एकदा दाबून बघितली.

यशोधरा रोज संध्याकाळी आली की सांगायची. खडकवस्तीच्या म्हशीला रेडकू झालं. भिवराबाई विचारत होती, मुक्ताबाई मेली का. बोरीला फुलं आलीत, गाडीतून वास येतो. मी म्हणायचे, बरं. शहादेव विचारायचा, पाणी गरम करू का. मी म्हणायचे, कशाला, काही दुखत नाही. खरंच काही दुखत नव्हतं. त्यामुळं मला झोप येत नव्हती.

एका सकाळी यशोधरा पेटी ठेवायला लागली तेव्हा मी गाडीपाशी गेले. पुढच्या काचेतून आत बघितलं. बुद्धमूर्ती उजवीकडं कलली होती. गाडी वाकडी असताना जी चौकटीशी सरळ करून चिकटवली होती, ती आता सरळ गाडीत वाकडी झाली होती. गोंद पक्का होता.

"यशू," मी म्हणाले, "गाडी आता उजवीकडं झुकायला लागली."

"आं?"

"मूर्तीकडं बघ."

तिनं मूर्तीकडं बघितलं. पंचशील मी लहानपणापासून म्हणते, आणि त्यातलं खोटं न बोलण्याचं शील मला चांगलं ठाऊक आहे. मूर्ती उजवीकडं होती, हे खरंच होतं.

मग यशोधरानं माझ्याकडं बघितलं. माझ्या पातळाकडं, खांद्यावरच्या पिशवीकडं, पायातल्या चपलांकडं. ती जनावरांची डॉक्टर आहे. कुठं दुखतंय ते तिला कुणी सांगत नाही, तिचं तिलाच बघावं लागतं.

"खरंच की," ती हळूच म्हणाली. "मंग डाव्या बाजूला वजन लागंल."

"लागंल तर."

"आन् कंबर?"

"कंबरेचं मी बघून घेईन."

मी मागचं डावं दार उघडायला गेले, तर ती म्हणाली, "मागं कावून? पुढं बस. पुढं पण डावी बाजूच हाय."

वर्षभर मी तिच्या सीटच्या पाठीकडं बघत फिरले होते. पुढं बसल्यावर रस्ता आधी दिसतो, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं.

शहादेव बाहेर आला. "आता आक्का कावून? गाडी तर सरळ हाय."

"न्हाई आण्णा, जरा उजवीकडं हाय," यशोधरा म्हणाली.

तो मागं गेला. बराच वेळ तिथंच होता. मला आरशात त्याचं डोकं दिसत होतं, एकदा या चाकापाशी, एकदा त्या. मग तो उठून उभा राहिला, आरशातून त्यानं माझ्याकडं बघितलं, आणि पूर्वी एस.टी. सोडताना जशी मारायचा तशी पत्र्यावर दोनदा थाप मारली.

संध्याकाळी आम्ही आलो तेव्हा माझ्या खुर्चीत सुंदरबाई बसली होती. उशीला टेकून, दोन्ही हात टेकणांवर ठेवून. ती उठली नाही.

"कुठं गेलतीस?"

"खडकवस्ती," मी ओट्यावर टेकत म्हणाले. "हाडं खिळखिळी झाली."